झेब्रिनाच्या वेलीचा रंग उडाला आहे आणि कुंडी मधोमध उघडी पडली आहे

उत्तरेची खिडकी (घोडबंदर रोड, ठाणे), ८ नोव्हेंबर

सर्वांना नमस्कार. एका वेलीसंबंधी सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

एप्रिलच्या अखेरीस मी जवळच्या नर्सरीतून आठ इंची लटकती कुंडी आणली. नर्सरीवाल्या दादांनी तिचे नाव ‘वॉन्डरिंग ज्यू’ असे सांगितले; नंतर शोधल्यावर ती ट्रॅडेस्कॅन्शिया झेब्रिना असल्याचे समजले. आणली तेव्हा प्रत्येक पानावर दोन लखलखीत चंदेरी पट्टे होते आणि पान उलटले की मागे वांग्याच्या सालीसारखा गडद जांभळा रंग दिसत असे. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. हॉलची खिडकी उत्तरेला, खाडीच्या बाजूला उघडते आणि कुंडी त्या खिडकीच्या ग्रिलला आतल्या बाजूने टांगली होती. मे महिन्यात ती इतकी भरली की शेजारच्या काकूंनी दोन फांद्या मागून नेल्या.

जूनमध्ये पावसाची झड थेट आत येऊ लागली, तेव्हा मी कुंडी काढून टीव्हीच्या बाजूच्या कोपऱ्यात टांगली. ऑगस्टपर्यंत वेली हातभर लांबल्या, परंतु पाने लहान आणि विरळ येऊ लागली, चंदेरी पट्टे फिकट हिरव्यात विरून गेले आणि मागचा जांभळा रंग जवळजवळ नाहीसा झाला. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीस, मी कुंडी पुन्हा मूळ जागी नेली. महिना उलटून गेला, तरी रंग परतलेला नाही. त्यात आता दुसरी अडचण उभी राहिली आहे. कुंडीच्या काठापासून वीतभर अंतरापर्यंत एकाही वेलीला जिवंत पान उरलेले नाही. तिथली पाने वाळून, बिडीच्या पानासारखी तपकिरी होऊन खोडाला चिकटून राहिली आहेत. खाली लोंबणारी टोके हिरवी आहेत, पण वरून पाहिले तर मधोमध नुसती माती दिसते.

पाणी रोज सकाळी अर्धा पेला घालते. आठवड्यातून एकदा चहाचा चोथा धुऊन मातीवर पसरते. अलीकडे कुंडीभोवती बारीक काळी चिलटे उडताना दिसतात. चूक प्रकाशाची आहे, पाण्याची आहे की खताची, आणि ही वेल वाचेल का, हे कृपया कोणी सांगावे.


पेरापेराने (नेरूळ, नवी मुंबई), ८ नोव्हेंबर

ताई, वेल वाचेल, त्याची काळजी करू नका. ही वनस्पती मारायचे ठरवले तरी सहजासहजी मरत नाही. आपण महिने आणि दिशा नेमकी लिहिली आहे, त्यामुळे निदान करणे सोपे झाले आहे.

पहिला प्रश्न रंगाचा. पानामागचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि ते तयार होण्यासाठी वेलीला भरपूर प्रकाश लागतो. प्रकाश कमी पडला की नवी पाने हिरवीच निघतात आणि दोन पेरांतील अंतर वाढत जाते, कारण वेल उजेडाच्या शोधात लांबत असते. टीव्हीच्या कोपऱ्यात नेमके हेच घडले. आपल्या डोळ्यांना तो कोपरा उजळ वाटतो, कारण डोळे अंधाराशी चटकन जुळवून घेतात. पानांना तशी सोय नाही. फोनवर प्रकाश मोजण्याचे एखादे ॲप घेऊन मोजून पाहावे. माझ्या घरी खिडकीच्या ग्रिलपाशी ढगाळ दिवशीही चार-पाच हजार लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) भरतात आणि खोलीत दहा फूट आत सोफ्यापाशी दीडशेसुद्धा भरत नाहीत. ॲप नको असेल, तर दुपारी कुंडीच्या जागी कोरा कागद धरून त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. बोटे वेगवेगळी ओळखू येतील अशी सावली पडली, तर ती जागा या वेलीला चालते. नुसता धूसर डाग पडला, तर चालत नाही.

आता मूळ जागी नेऊनही रंग का परतला नाही, याकडे वळतो. आपल्या खिडकीची जागा तीच राहिली, सूर्य मात्र हलला आहे. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या किंचित उत्तरेला मावळतो, म्हणून या काळात उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. ठाणे साधारण १९ अंश अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या उत्तरेलाच असतो. मे महिन्यात आपली वेल त्या उन्हावर पोसली गेली. ऑक्टोबरनंतर उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन शिरतच नाही, ते थेट मार्चअखेर परत येईल. तोवर कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवावी. दक्षिणेची खिडकी असेल तर हिवाळ्यात ती अधिक चांगली, कारण डिसेंबरमध्ये तेथून ऊन खोलीत बरेच आत येते.

फिक्या पडलेल्या जुन्या पानांकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवू नका. पूर्वीसारखा रंग पाहायचा तो नव्या पानांत.

दुसरा प्रश्न उघड्या बुडख्याचा, आणि तो खरे तर आजार नाहीच. पावसाळ्यात येऊरच्या वाटेवर किंवा सोसायटीच्या भिंतीलगत निळ्या फुलांचा केना उगवलेला आपण पाहिला असेल. झेब्रिना मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची असली, तरी ती केन्याच्याच कुळातील आहे आणि तिची चालही तीच आहे. केना उपटायला जा, म्हणजे कळते: प्रत्येक पेराला मुळे फुटलेली असतात आणि मागचा भाग वाळून गेला तरी पुढचा भाग स्वतंत्रपणे जगत असतो. ही वेल जमिनीवरून पुढे पुढे सरकणारी आहे, एका जागी म्हातारी होणारी नाही. लटकत्या कुंडीत आपण तिची पेरे हवेत सोडतो, त्यांना माती सापडत नाही आणि मागची पाने गळाली की तो भाग तसाच उघडा दिसत राहतो. म्हणून दरवर्षी, निदान दीड वर्षात एकदा, शेंडे कापून कुंडी नव्याने लावावीच लागते. जुने खोड जपत बसण्यात अर्थ नाही.


लाल माती (नौपाडा, ठाणे), ९ नोव्हेंबर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु रोजचा अर्धा पेला आणि चहाचा चोथा या दोन गोष्टी इतक्या सहज सोडून देता येणार नाहीत. प्रकाश कमी झाला की वेलीचे पाणी पिणेही कमी होते. मे महिन्यात जे पाणी दुपारपर्यंत संपत होते, तेच जुलैच्या दमट हवेत टीव्हीच्या कोपऱ्यात आठवडाभर मातीत साचून राहिले असणार. पानगळीचा अर्धा दोष मी त्याला देईन.

आपण एकदा कुंडीतून रोप अलगद बाहेर काढून पाहावे. आपल्याकडील बहुतेक नर्सऱ्यांतील रोपे चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतात. हा गोळा ओला असतो तेव्हा आत हवा जाऊ देत नाही आणि एकदा पूर्ण वाळला की वीट होतो. मग वरून घातलेले पाणी गोळा आणि कुंडी यांच्या फटीतून खाली निघून जाते आणि आपल्याला वाटते की पाणी भरपूर दिले. आणखी एक गोष्ट तपासावी. लटकत्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना खाली खटक्याने बसवलेली ताटली असते आणि ती उंचावर असल्यामुळे आत काय साठले आहे ते कोणी पाहत नाही. माझ्या कुंडीची ताटली काढली तेव्हा त्यात दोन बोटे काळे पाणी आणि डासांच्या अळ्या होत्या. त्या दिवसापासून मी ताटल्या काढून टाकल्या आहेत. न्हाणीघरात पाणी घालायचे, निथळू द्यायचे आणि मग टांगायचे.

चिलटांचे कारणही हेच. त्यांच्या अळ्या सतत ओल्या राहणाऱ्या वरच्या थरात, कुजणाऱ्या पदार्थांवर आणि बुरशीवर वाढतात, आणि चोथ्याने आपण त्यांना घरपोच जेवण पुरवीत आहात. चोथा, तांदळाचे पाणी, केळ्याची साल या सगळ्या गोष्टी अंगणातल्या मोठ्या वाफ्यात ठीक आहेत. आठ इंची कुंडीत त्या कुजतात. वरचा इंचभर थर वाळल्याशिवाय पाणी घालू नये आणि एक पिवळा चिकट सापळा मातीत खोचून ठेवावा, म्हणजे दोन-तीन आठवड्यांत चिलटे हटतील. पाण्याचे वेळापत्रक ठरवू नका. बोट खुपसून पाहा किंवा कुंडी खालून तळहाताने उचलून पाहा. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर थांबायचे. माझ्याकडे पावसाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा आणि मेमध्ये दिवसाआड असे पाणी लागते.

नवीन कुंडीसाठी एक भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धा भाग गांडूळखत आणि अर्धा भाग परलाईट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे) घ्यावे. परलाईट नसेल तर विटांचे बारीक तुकडे चालतात. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन वेळा पाण्याने धुऊन पिळून घ्यावी, कारण तिच्यात बऱ्याचदा क्षार असतात. कुंडी उथळ चालते. हिची मुळे फार खोल जात नाहीत.

शेंडे चार-चार इंचांचे कापावेत. पेराच्या लगेच खाली कात्री लावायची, खालचे एक-दोन पेर पाने काढून मोकळे करायचे आणि तेवढाच भाग मातीत खोचायचा. पान मातीत गाडले गेले की ते कुजते आणि खोडही सोबत नेते. आठ इंची कुंडीत पंधरा तुकडे दाटीने लावा, संकोच करू नका. तीन-चार लावून ‘भरेल हळूहळू’ असे म्हणणाऱ्यांच्या कुंड्या मी कधी भरलेल्या पाहिल्या नाहीत. आपल्याकडे नोव्हेंबरातही पुरेशी ऊब असते, त्यामुळे आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. खत त्यानंतर महिनाभराने द्यावे. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समान असलेले) हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, इतके पुरते. खत वाढवून रंग येत नाही, उलट हिरवी लांबलचक वाढ होते.


दक्षिणेची बाल्कनी (खारघर, नवी मुंबई), ९ नोव्हेंबर

रंगासाठी थेट उन्हात ठेवा, असे मी एके काळी सर्वांना सांगत असे. गेल्या एप्रिलमध्ये माझी स्वतःची झेब्रिना दुपारच्या उन्हात तीन दिवसांत पांढुरकी पडली आणि पानांच्या कडा करपल्या, तेव्हापासून सांगत नाही. सकाळचे दोन-तीन तासांचे ऊन उत्तम. फेब्रुवारीच्या अखेरीनंतर दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडकीत मध्ये पातळ पडदा हवा. थेट उन्हाचीच जागा असेल, तर संपूर्ण जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कॅन्शिया पॅलिडा लावावी. नवी मुंबईत ती रस्त्याच्या दुभाजकांवर भर उन्हात वाढते आणि तिचा रंग उन्हातच खुलतो.

गुलाबी-पांढऱ्या पानांची ‘नानूक’ नावाची जात सध्या फार विकली जाते, तिच्याविषयी सावध करावेसे वाटते. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे तिला झेब्रिनापेक्षा जास्त उजेड लागतो आणि पानांच्या बेचक्यात पाणी राहिले तर आमच्याकडच्या पावसाळ्यात ती दोन दिवसांत काळी पडते. मी दोन वेळा आणली, दोन्ही वेळा ऑगस्टमध्ये गेली. पानांवर फवाऱ्याने पाणी उडवण्याचा सल्ला कोरड्या प्रदेशांतून आलेला आहे. खाडीकाठी राहणाऱ्यांनी तो मनावर घेऊ नये.


माऊची आई (ऐरोली, नवी मुंबई), १० नोव्हेंबर

वेलीचे तुकडे करताना हातमोजे घालावेत, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. या कुळातील रस काही जणांच्या त्वचेला खाजरा लागतो. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्याच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगावी. आमच्या बोक्याने लोंबणारी पाने चघळली होती, त्यानंतर दोन दिवस तो हनुवटी पायाने खाजवत होता आणि पशुवैद्यांकडे न्यावे लागले. आणि केन्याचा उल्लेख वर आलाच आहे, तर तेही सांगते: जांभळी नाक्याच्या मंडईत पावसाळ्यात मिळणाऱ्या केन्याची भजी करतात म्हणून कोणी झेब्रिनाची पाने पिठात बुडवू नयेत.

कापलेल्या फांद्या येऊरच्या बाजूला किंवा खाडीकडेला टाकू नयेत. एका पेरापासून पूर्ण वेल होते. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत हिच्या जातभाईंनी ओलसर जंगलांची जमीन व्यापली आहे, तसे येथे व्हायला नको. उन्हात पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्याव्यात.


उत्तरेची खिडकी (घोडबंदर रोड, ठाणे), २३ नोव्हेंबर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. गेल्या रविवारी, १६ तारखेला, सगळे उरकले. ताटलीत पाणी होतेच. मातीचा गोळा बाहेर काढला तर वरून भिजलेला आणि मधोमध दगडासारखा कोरडा निघाला. सुरी घालून तोडावा लागला. अठरा तुकडे लावले. हातमोज्यांचा सल्ला वाचूनही आळस केला आणि मनगटावर बारीक पुरळ उठले, ते दुसऱ्या दिवशी बसले.

आज आठवडा झाला. अठरांपैकी चार तुकडे बुडाशी मऊ पडून कुजले. उपटून पाहिले तर चारही ठिकाणी एकेक पान मातीत गेले होते. उरलेल्या चौदांपैकी एक हलकेच ओढून पाहिला, तो मातीला धरून बसला आहे. कुंडी बेडरूममध्ये पूर्वेच्या खिडकीत टांगली आहे. आता एक शंका आहे. यांतील दोन तुकड्यांची पाने पूर्ण हिरवी आहेत, पट्टा मुळीच नाही. ते तुकडे ठेवावेत की काढावेत? रात्री त्या खोलीत एसी असतो, त्याचा त्रास होईल का, तेही सांगावे.


पेरापेराने (नेरूळ, नवी मुंबई), २३ नोव्हेंबर

ते दोन तुकडे महिनाभर ठेवून पाहावेत. अंधारामुळे पट्टा गेला असेल, तर पूर्वेच्या उजेडात नव्या पानांवर तो परत येईल. चार-पाच नवी पाने येऊनही पट्टा दिसला नाही, तर तो अंकुर मुळापासून काढून टाकावा, कारण निव्वळ हिरव्या फांद्या जोमाने वाढतात आणि पट्टेवाल्यांना झाकून टाकतात.

एसीची हवा थेट पानांवर येत नसेल तर हरकत नाही. थेट येत असेल तर कडा वाळतात आणि कोरड्या हवेत लाल कोळी ही बारीक कीड लवकर येते. मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर पाने पाण्याच्या धारेने धुवावीत आणि एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल, भांडी घासण्याच्या साबणाचे दोन थेंब घालून, संध्याकाळी फवारावे.

शेंडे खुडण्यास विसरू नका. नव्या वेलीला पाच-सहा पाने झाली की टोकाची दोन खुडावीत. खालच्या पेरांतून दोन फुटवे येतात. खुडलेला शेंडा त्याच कुंडीत मधोमध खोचावा.


उत्तरेची खिडकी (घोडबंदर रोड, ठाणे), ११ जानेवारी

कळवायचे राहून गेले होते. कुंडी भरली आहे, माती आता कोठेही दिसत नाही. एका हिरव्या तुकड्याने तिसऱ्या पानापासून पट्टा धरला, दुसरा हिरवाच राहिला म्हणून काढला. चिलटे नाहीत. रोज सकाळी सातनंतर तासभर ऊन येते तेव्हा नवे पान सुरळीतून सुटताना पाहते. ते बाहेर येते तेव्हा गुंडाळलेल्या विड्यासारखे मागच्या जांभळ्या बाजूने दिसते, आणि दुपारपर्यंत उलगडले की चंदेरी पट्टे वर येतात. काल पहिले फूल आले, नखाएवढे, गुलाबी, तीन पाकळ्यांचे, संध्याकाळी मिटले.

जुना बुडखा मात्र माझ्याने फेकवला नाही. न्हाणीघराच्या खिडकीत एका डब्यात ठेवून दिला होता, त्याच्या दोन उघड्या पेरांवर आता हिरवे टोक फुटले आहे. त्याचे काय करावे?


लाल माती (नौपाडा, ठाणे), ११ जानेवारी

चार पाने होऊ द्या, मग तोडून शेजारच्या काकूंना द्या. त्यांनी मे महिन्यात नेलेल्या दोन फांद्यांचे काय झाले, तेही विचारून येथे लिहा.


उत्तरेची खिडकी (घोडबंदर रोड, ठाणे), १२ जानेवारी

विचारले. त्यांची खिडकी पूर्वेची आहे. त्यांच्याकडे त्या दोन फांद्यांच्या तीन कुंड्या झाल्या आहेत.